अकरावं पाऊल

दहा पावलं. एक कमी नाही, एक जास्त नाही. जनावर घ्यायचं तर आधी त्याला आपल्यासमोर दहा पावलं चालवायचं, हा त्या खाटकाचा एक्केचाळीस वर्षांचा नेम होता. लंगडं असेल तर तिसऱ्या पावलाला कळतं, आजारी असेल तर सहाव्याला, आणि भ्यालेलं असेल तर पहिल्यालाच. दहावं पाऊल पडलं की तो मान हलवायचा आणि सुरीला धार लावायला आत वळायचा. ज्याला चालताना पाहिलं नाही, त्याचं मांस त्याने कधी विकलं नाही. एकदा सख्खी बहीण आली, घरी पाहुणे बसलेत म्हणून घाई करायला लागली, तर त्याने तिला सरळ सांगितलं, "आज वाटाणे शिजव." बहीण दोन महिने बोलली नाही, पण ही गोष्ट गावभर तिनेच केली. दुकानाची त्याहून चांगली जाहिरात कुणाला सुचली नसती.

त्याचा दुसरा नेम अंगठ्याचा. कापलेल्या मांसावर तो अंगठा ठेवायचा, थोडा दाबायचा, आणि मग एक तर "चांगलं आहे" म्हणायचा, नाही तर काहीच म्हणायचा नाही. काहीच म्हटलं नाही की गिऱ्हाईक मुकाट्याने परत जायचं. घरातसुद्धा तो "चांगलं आहे" म्हणेपर्यंत कुणी घास उचलत नसे. हे दोन शब्द त्याने आयुष्यात कधी खोटे वापरले नाहीत. बाकी तो माणसासारखा माणूस होता, खोटं गरजेपुरतं बोलायचा.

त्याला एकच लेक. ती नऊ वर्षांची असताना परसात एक कोकरू होतं, आईविना आलेलं. लेकीने त्याला तीन आठवडे बाटलीने दूध पाजून वाढवलं. एका सकाळी बापाने त्याला चालवलं. खेळ आहे असं समजून पोरगी मोठ्याने मोजायला लागली: एक, दोन, तीन. दहा झाले आणि बाप आत वळला. "अकरा का नाही, बाबा?" तिने विचारलं. तो म्हणाला, "दहात कळतं."

त्या दिवसापासून तिने बापाच्या हातचं मांस तोंडाला लावलं नाही. भांडली नाही, रडली तीसुद्धा एकटीच. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे पुष्कळदा वाटलं. भांडण मिटवता येतं. मुकाट्याने बाजूला सारलेल्या ताटाचं काय करायचं, ते कुणाला ठाऊक असतं? ती शिकली, लांब गेली, कुठल्याशा प्रयोगशाळेत लागली. आई गेल्यावर दर रविवारी फोन करायची. दोघं गुडघ्यांबद्दल आणि गळक्या छपराबद्दल बोलायचे, आणि छप्पर दुरुस्त झाल्यावर नुसतं गुडघ्यांबद्दल.

म्हणून त्या रविवारी ती जे बोलली ते ऐकून त्याने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"बाबा, एक काम होतं. तुमचा अंगठा हवाय."

"कापून पाठवू?"

"नको. तुम्हीच घेऊन या."

प्रयोगशाळा एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात होती. हातभर जाडीच्या भिंती, आणि ज्या खोल्यांत पूर्वी बर्फाच्या लाद्या रचायचे, तिथे आता जनावराच्या अंगाइतकी ऊब ठेवलेली. ओळीने स्टीलची पिंपं उभी होती. त्यांच्या काचेच्या डोळ्यांतून आत गुलाबी पाणी फिरताना दिसत होतं. विभागाचा प्रमुख हा उंच, किडकिडीत माणूस. तो नमस्काराच्या आधी खोलीतल्या तापमानाच्या आकड्याकडे बघत होता आणि नमस्कारानंतरही. खाटकाने मनातल्या मनात त्याचं नाव थर्मामीटर ठेवलं. तिथल्या पोरापोरींनी खाटकाचं नाव सुरीकाका ठेवलं होतं, त्यामुळे फिटंफाट झाली.

लेकीने त्याला पांढरा डगला चढवला, डोक्याला टोपी घातली आणि समजावून सांगितलं. मेंढीच्या मांडीतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. त्यातल्या पेशी वेगळ्या काढायच्या, या गुलाबी पाण्यात ठेवायच्या. पाण्यात साखर, क्षार आणि शेंगा-दाण्यांतून काढलेली प्रथिनं. पेशी ते खातात आणि एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार.

"आणि थांबतात कधी?"

"आम्ही थांबवू तेव्हा. एका दाण्यातून कळपभर मांस होईल, बाबा. कळपाला लागणारं कुरण नको, पाणी नको, चारा नको."

खाटकाने पिंपाच्या काचेला नाक लावलं. तांदळाचा दाणा आणि कळप या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसेनात. उभ्या आयुष्यात त्याने मांस कमी होताना पाहिलं होतं. सुरी लागली की ते कमी होतं, वजनकाट्यावर कमी होतं, ताटात कमी होतं. आपोआप वाढणारं मांस तो पहिल्यांदा बघत होता आणि त्याला टोपी काढावीशी वाटली. पण टोपी काढायला तिथे बंदी होती.

"त्या मेंढीला चालताना कुणी पाहिलं होतं?" त्याने विचारलं.

"मी पाहिलंय. ठणठणीत."

लेकीने पाहिलं म्हणजे आपण पाहिलं, असं म्हणून त्याने पुढे काही विचारलं नाही. मांडीतला तुकडा घेतला म्हणजे मेंढी कापूनच घेतला असणार, हे त्याच्या लेखी इतकं उघड होतं की त्यात विचारायचं ते काय?

मग बशी आली. तळहाताएवढा फिकट गुलाबी तुकडा. त्याने अंगठा ठेवला, दाबला, आणि काहीच म्हटलं नाही. लेकीला या गप्पपणाचा अर्थ सांगायची गरज नव्हती. ती खिडकीकडे बघायला लागली.

"वास बरोबर आहे," तो जरा वेळाने म्हणाला. "रंगही जमेल. पण याला रेषा नाही. भिजलेला पाव आहे हा. याने जन्मात काय काम केलंय?"

थर्मामीटर हसला. मग हसायचा थांबला आणि त्याने आकडा सोडून पहिल्यांदाच माणसाकडे बघितलं. दुखणं तेच होतं. खिमा त्यांना जमत होता, पण सुरीने कापता येईल, दाताला जाणवेल असा तुकडा जमत नव्हता. यंत्राने दोन्ही टोकांना धरून ताण द्यावा तर तुकडा मधेच फाटायचा. शेवटी त्यांनी ताण देणंच सोडलं आणि त्याला बशीत अलगद, लाडाने झोपवून ठेवायला लागले. चोवीस दिवसांनी तीन पाहुणे येणार होते: एका मोठ्या रुग्णालयाच्या मुदपाकखान्याची प्रमुख, शाळांच्या जेवणाची व्यवस्था बघणारा एक गृहस्थ, आणि पिंपं ज्यांच्या पैशाने उभी राहिली त्यांचा माणूस. त्यांना तुकडा पटला तर काम पुढे जाणार, नाही तर कारखाना बंद आणि आठ वर्षं जपलेल्या पेशी मोरीत.

"मी काय करायचं?" खाटकाने विचारलं.

"त्यांच्यासमोर कापायचं आणि बोलायचं," लेक म्हणाली. "त्या मुदपाकखान्याच्या बाई तुमच्याच दुकानावर वाढल्यात. तुमचा शब्द त्यांना पुरेल."

"मी जे असेल तेच बोलेन, पोरी. तुझ्यासाठीसुद्धा."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. दुसरा कुणी माझ्यासाठी खोटं बोलला असता."

हे बोलताना तिचा आवाज जरासा हलला. त्याने बशी तिच्याकडे सरकवली.

"तू चाखून पाहिलंस का?"

"नाही."

"आठ वर्षांत एकदाही नाही?"

"तुम्ही चांगलं म्हटल्याशिवाय आपल्या घरात कुणी खातं का?" ती म्हणाली आणि दुसऱ्या पिंपाकडे गेली.

चूक झाली ती सहाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. खाटीक रोज सकाळी आपले दुकानातले मांस टांगायचे आकडे उकळायचा. एक्केचाळीस वर्षांची सवय. इथेही त्याने पिशवीतून आणलेले बारीक स्टीलचे आकडे रोज हत्यारांबरोबर वाफेच्या भांड्यात टाकायला सुरुवात केली होती. कशाला, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या दुपारी खोलीत कुणी नव्हतं आणि समोर बशीत एक लांबट तुकडा आडवा पडलेला. इतके दिवस त्याने कसंबसं सोसलं होतं. मांस म्हणजे टांगायची वस्तू, त्याला असं पाण्यात लोळवायचं म्हणजे काय? बरं, पाण्याबाहेर काढायचं नाही, हे लेकीने दहादा बजावलेलं. मग त्याने मधला मार्ग काढला. हातमोजे चढवले, तिथल्या पोरी करतात तसं काचेच्या कपाटात हात घालून तुकडा चिमट्याने उचलला आणि गुलाबी पाण्याने भरलेल्या उंच बरणीत आकड्याला टांगला. तो तरंगून वर यायला लागला, म्हणून खालच्या टोकाला दुसरा बारीक आकडा अडकवला. मग झाकण लावून समाधानाने जेवायला गेला.

बरणी लेकीला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली.

"बाबा, हे तुमचं दुकान नाही," ती म्हणाली. ती ओरडली नाही, पण नऊ वर्षांची असताना ओठ जसे मिटायची तसे मिटले. "विचारायचं तरी. ते जिवंत आहे."

"काय जिवंत आहे?"

"तो तुकडा."

"अगं, टांगलेलं मांस जिवंत कसं असेल?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. आपण सहा दिवस या माणसाला पेशी, पाणी, प्रथिनं सगळं सांगितलं आणि मुख्य गोष्ट सांगायची राहिली, हे तिच्या लक्षात आलं. खाटकाच्या जगात मांस हा शब्दच जीव गेल्यानंतर सुरू होतो. तिने बरणीमागे दिवा लावला आणि पुढे मोठं भिंग धरलं.

खाटीक वाकला. आधी काही दिसलं नाही. मग तुकड्याच्या कडेला एक बारीकशी थरथर झाली. थांबली. परत झाली. झोपलेल्या बाळाची पापणी हलावी इतकीच. त्याच्या आकड्यावर, ज्या आकड्यावर एक्केचाळीस वर्षांत एकदाही काही हललं नव्हतं, तिथे मांस हलत होतं.  लेकीने शेजारचं स्टूल पुढे सरकवलं आणि तो त्यावर बसला.

"याला दुखतंय का?" त्याने हळू विचारलं.

"नाही. दुखायला मेंदू लागतो, बाबा. इथे कुणी नाहीये."

"मग हलतंय कोण?"

 आठ वर्षं या प्रश्नाजवळून लेक रोज ये-जा करत होती, पण इतका सरळ तो तिला कुणी विचारला नव्हता. "कुणीच नाही," ती म्हणाली. "नुसतं हलणं आहे. सगळ्या जिवांत सुरुवातीला तेवढंच असतं बहुतेक."

दोघं एका भिंगातून आळीपाळीने बघत राहिले. आणि मग लेकीची नजर एकदम बारीक झाली. तिने बशीतला एक आडवा तुकडा आणून भिंगाखाली धरला, परत बरणी बघितली, परत बशी. बशीतला तुकडा जागोजागी थरथरत होता, इथे थोडा, तिथे थोडा, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. बरणीतला वरून खालपर्यंत एका ओळीत आकसत होता आणि एका ओळीत सैल पडत होता.

"बाबा," ती म्हणाली, "खाली तो आकडा का लावलात?"

"तरंगत होता म्हणून."

तिने जाऊन थर्मामीटरला हाताला धरून आणलं. तो पंधरा मिनिटं भिंगातून बघत होता. त्या पंधरा मिनिटांत त्याने खोलीतल्या तापमानाच्या आकड्याकडे एकदाही बघितलं नाही. जिवंत मांस मेलेलं समजून टांगून ठेवायचं, ही चूक शास्त्र शिकलेल्या माणसाच्या हातून सात जन्मात झाली नसती. त्याला खाटीकच हवा.

त्यांचं यंत्र पहिल्या दिवसापासून पूर्ण जोर लावायचं; इथे एका बारीक आकड्याच्या जराशा ओझ्याने पेशी एका ओळीत आल्या होत्या. खाटकाने ऐकून कपाळाला हात लावला. "कोकरू जन्मल्या जन्मल्या कुणी पाठीवर पोतं देतं का? आज स्वतःपुरतं उभं राहील, उद्या किंचित जास्त. तेही वाढतंय, ओझंही वाढतंय. पाय असेच होतात." मग रोज सकाळी उकळलेला एक बारीक आकडा खालच्या टोकाला वाढवायचा, असं ठरलं. तुकड्याच्या आत वाटाण्याच्या प्रथिनाचे पोकळ धागे विणलेले होते, त्यांतून गुलाबी पाणी गाभ्यापर्यंत पोचायचं. हे कळल्यावर खाटकाला बहिणीची आठवण झाली आणि तो एकटाच हसला.

एक आकडा, दोन आकडे, पाच, अकरा. तुकडा फाटला नाही. तो भरत गेला, गडद होत गेला, आणि टांगल्यापासून बाराव्या-तेराव्या दिवशी उजेडात धरल्यावर त्यात उभ्या रेषा दिसायला लागल्या, लाकडात असतात तशा. खाटीक सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बरणीसमोर बसायचा. आपण इथे काहीतरी चोरून बघतोय असं त्याला वाटायचं. देहात बंद दाराआड जे घडतं, ते इथे काचेत, भर उजेडात, कुणाच्या पोटी न येता घडत होतं.   

चोविसाव्या दिवशी पाहुणे आले. मुदपाकखान्याच्या बाईंनी खाटकाला बघितल्याबरोबर विचारलं, "काका, तुम्ही इथे? मग आज खरं काय ते कळणार." पाटावर तुकडा ठेवला होता. आदल्या दिवशी त्याचं पाणी बंद केलं होतं. त्याची हालचाल थांबेपर्यंत खाटीक बरणीजवळ उभा राहिला होता आणि मग स्वतःच्या हाताने त्याने तो आकड्यावरून उतरवला होता.

त्याने अंगठा ठेवला. दाबला. मांसाने अंगठ्याला परत ढकललं, जसं ढकलायला हवं तसं. सुरी रेषेला आडवी धरली आणि पातळ काप काढले. तव्यावर नुसत्या मिठाबरोबर परतले. वास खोलीभर झाला. एक काप त्याने स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावायला लागला. लेक भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हाताची बोटं डगल्याच्या बटणाशी चाळा करत होती. आठ वर्षं आता बापाच्या जबड्यात होती.

तेवढ्यात शाळांवाल्या गृहस्थाने सहज विचारलं, "ही मेंढी कापली कधी होती?"

"कापलेली नाही," लेक म्हणाली. "ती मागच्या आवारात आहे."

खाटकाचं चावणं थांबलं.

सुरी पाटावर ठेवून तो म्हणाला, "मला तिला चालताना बघायचंय. त्याशिवाय मी बोलणार नाही."

थर्मामीटर घड्याळाकडे बघायला लागला, पैसेवाल्या माणसाने भुवया चढवल्या. पण मुदपाकखान्याच्या बाई उठल्याच, कारण त्यांना हा नेम ठाऊक होता. सगळी वरात मागच्या दाराने आवारात गेली. कुंपणाच्या आत सावलीला एक म्हातारी मेंढी बसली होती, जाड लोकरीची, एका कानाला क्रमांकाचा बिल्ला. लेकीने तिच्या मांडीवरची लोकर बाजूला करून दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट वण. बस्स.

खाटीक तिच्याकडे बघत होता. घास अजून त्याच्या तोंडात होता. तिची मांडी त्याच्या तोंडात होती आणि तिची मांडी तिच्या अंगावर होती. एक्केचाळीस वर्षांत किती जनावरं चालवली त्याचा हिशेब त्याने कधी ठेवला नव्हता, पण त्यातल्या एकालाही तो त्याचं मांस कापल्यानंतर परत भेटला नव्हता. मेंढीने त्याच्याकडे बघितलं, कंटाळून तोंड फिरवलं आणि उठली. त्याने घास गिळला.

मेंढी चालायला लागली. तो सवयीने पुटपुटत मोजायला लागला. एक, दोन, तीन. लंगडत नव्हती. पाच, सहा. धाप नव्हती. म्हातारपणामुळे जरा सावकाश, इतकंच. आठ, नऊ, दहा. दहावर त्याची मान हलली आणि सवयीने टाच वळली. पण आत जाऊन करायचं काही उरलं नव्हतं. सुरीचं काम होऊन गेलं होतं.

मेंढीने पुढचं पाऊल टाकलं.

"अकरा," मागून लेक म्हणाली.

खाटीक वळलेल्या टाचेवरून परत फिरला. मेंढी कुंपणापर्यंत गेली, तिथलं गवत हुंगलं, नाक मुरडलं आणि दुसऱ्या बाजूला निघाली. बारा, तेरा, चौदा. आता तो मोठ्याने मोजत होता, पाहुण्यांची लाज न बाळगता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं तेही तो पुसत नव्हता. नऊ वर्षांची एक पोर त्याच्या डोळ्यांपुढे उभी होती आणि तिला द्यायचं उत्तर सव्वीस वर्षं उशिरा कुंपणाच्या कडेने चाललं होतं. एकोणीस, वीस, एकवीस. मेंढी काही थांबेना.

"काका," मुदपाकखान्याच्या बाई हळूच म्हणाल्या, "मांसाचं काय?"

"चांगलं आहे," खाटीक म्हणाला. नजर मेंढीवरच होती.

बाईंनी पैसेवाल्या माणसाकडे बघून नुसती मान डोलावली. थर्मामीटर कुंपणाला टेकला आणि चष्मा पुसायला लागला.

लेक आत गेली आणि बशी घेऊन आली. बशीत एक काप उरला होता, गार झालेला. तिने बशी बापापुढे धरली. त्याला क्षणभर कळेना, ती देते आहे की मागते आहे. मग कळलं. त्याने तो काप आपल्या जाड बोटांत उचलला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. तिने तोंड उघडलं.

"किती झाले?" चावता चावता तिने विचारलं.

"मोजणं चुकलं," तो म्हणाला. "जाऊ दे, चालू दे तिला."